जावयाची एजन्सी

ग्वाल्हेर, रविवार संध्याकाळ

ग्वाल्हेर-इंदूरच्या डॉक्टरांची मंडळं एक झाल्यावरची पहिली सभा. खोकल्याचं कुठलं औषध सगळ्यांना सुचवायचं, यावर दोन्हीकडचे हट्टाला पेटलेले. आमच्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या औषधाच्या बाजूने आपटे डॉक्टर बोलणार होते. उठले आणि म्हणाले, “या औषधाची पाटणकर बाजारातली एजन्सी माझ्या जावयाची आहे. मी बोलणार नाही, मतही देणार नाही.”

अध्यक्ष म्हणाले, “साहेब, आपल्यावर कोण शंका घेणार?”

“कुणी घेत नाही, तोवरच सांगितलेलं बरं.”

जावयाची एजन्सी! मला जमलं असतं का? तेवढ्यात इंदूरचे एक वयस्कर डॉक्टर उठले. इंदूरकरांचं औषध त्यांच्या भावाच्या कारखान्यातलं; तसं सांगून तेही मत न देता आपटे डॉक्टरांबरोबर बाहेर गेले.

मतदानात आम्ही हरलो. मी ते सांगायला बाहेर गेले, तर दोघे एकाच बाकावर चहा पीत गप्पांत रंगलेले. निकाल विचारायचं दोघांच्याही ध्यानात नव्हतं.