दुपारचे सात युनिट

दि. ४ एप्रिल

प्रिय वन्सं,

नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख कळली. महिनाभर तुम्ही इथेच राहायचं, असं चिरंजीवांनी ठरवून टाकलंय. काल आईंच्या खोलीत एसीही बसवून घेतला. "आत्या येतेय. आणि आई, रिमोट कपाटात घालून कुलूप लावू नकोस," म्हणाला. सूनबाई हसली. मीही हसले.

माझी मीटरची वही तुम्हांला आठवत असेल, तुम्ही तिला पोथी म्हणायचात. काल जुन्या वह्या काढल्या. सुरुवातीला महिन्याला अठ्ठावीस युनिट: दोन दिवे आणि आईंच्या खोलीतला पंखा. यांना बढती मिळाली, फ्रीज आला, साठ झाले. मुलगा नोकरीला लागला, मग वॉशिंग मशीन, गिझर, मुलाच्या खोलीत पहिला एसी. आता साडेचारशे. दोन वर्षं आकडा तिथेच आहे. घ्यायचं काही उरलं नाही, म्हणून असेल.

त्या अठ्ठाविसांच्या दिवसांत, आईंच्या शेवटच्या उन्हाळ्यात मात्र महिन्याला एकवीस आहेत. पुढे माझ्याच अक्षरात, बचत सात.

वन्सं, त्या दुपारी लाईट जात नव्हती. जेवणं उरकली की मी त्या खोलीचा फ्यूज काढून डब्यात ठेवायची आणि चहाच्या वेळी परत लावायची. आई विचारायच्या, "गेली का गं?" मी म्हणायची, "गेली." मग त्या पडल्या पडल्या वर्तमानपत्राच्या घडीने मलाच वारा घालायच्या. "सकाळपासून स्टोव्हपाशी आहेस, बस जरा." मी बसायची. घालून घ्यायची.

ओढाताण होती, पण सात युनिटांनी आपण बुडालो नसतो. तेवढे आता एसी एका दुपारीत खातो.

आई गेल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "वहिनीने केलं तसं मला लेकीलाही जमलं नसतं." मी मान खाली घातली. तुम्हांला तो विनय वाटला.

देवापुढे रोज कबूल करते. पण आई त्याची नव्हती, तुमची होती.

तुम्ही त्याच खोलीत निजून माझं कौतुक कराल, ते मला सोसवणार नाही, म्हणून आधी लिहिते. घरात कुणाला ठाऊक नाही. दुसरीकडे उतरावंसं वाटलं तर सबब शोधत बसू नका, मुलाला कारण मी सांगेन.

आलात, तर रिमोट तुमच्या उशाशी असेल.

तुम्ही म्हणू द्याल तोवर तुमची,
वहिनी