हिरवा झेंडा वर गेला

तळेगाव ढमढेरे,
मंगळवार, ता. १४ नोव्हेंबर १९६१

तीर्थस्वरूप हरिबामामांस,

मल्हारीचा दंडवत. मामीचा गुडघा कसा आहे? मी बरा आहे. न सांगता दौंड सोडलं म्हणून रागावला असाल. इथं भाजीच्या ट्रकवर हमाली करतो. यंदा वांगी इतकी आलीत की बैलसुद्धा तोंड फिरवतात. ते असो.

रविवारी शिरूरला आपल्या रेल्वे शेडच्या टीमशी फुटबॉलचा फेरसामना आहे आन् शिट्टी तुमच्याकडंच, असं कळलं. मामा, येऊ नका.

काल बाजारात शिरूरची टीम चहाला बसली होती. जालिंदर पैलवान म्हणाला, "येऊ द्या की गार्डसाहेबाला. त्यांना यायची यष्टी हाय, जायची न्हाई." सगळे हसले. इक्बाल तेवढा हसला नाही. तुम्ही नाकारलेला गोल त्याचाच होता ना. तो बुटाचे खिळे दगडावर घासत होता आन् टोकं बोटानं बघत होता.

त्या सामन्यात तुमच्या रेल्वे गार्डाच्या जोडीतला लाल झेंडा तुम्ही दुसऱ्या लाइन्समनला, सिद्दीकला दिला, हिरवा मला. दौंडात लाइन्समनला असेच झेंडे देतात. "रंग बघू नको, मल्हारी. वर गेला म्हंजी ऑफसाइड," असं तुम्ही बजावलंही होतं.

पण मी आठ महिने सिग्नलच्या केबिनीत गाड्यांना हिरवा दाखवण्यात काढलेले. इक्बालला पास मिळाला तेव्हा शेडचा बॅक त्याच्या पुढंच होता. ऑफसाइड नव्हताच, रस्ता साफ. गाडी सोडताना जातो तसा माझा हात वर गेला आन् तुम्ही शिट्टी मारली.

धावत येऊन तुम्ही विचारलंत, "नक्की?"

मी म्हणालो, "ऑफसाइड होता, मामा."

लोक हसतील म्हणून म्हणालो. केबिनीतला गडी हिरवा दाखवून गाडी थांबवतो, म्हणतील.

मग सगळे तुमच्या अंगावर आले. टोपी उडाली. झेंडा कुणी दाखवला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "शिट्टी माझी हाय, मला विचारा." तेव्हा मी चुन्याच्या पोत्यांमागं झेंडा गुंडाळत होतो. तो अजून माझ्या पिशवीत आहे.

तुम्ही ऐकणार नाही, ठाऊक आहे. म्हणून शनिवारीच शिरूरला जातो. इक्बालच्या दारात उभा राहून सांगतो, गोल खरा होता. पुढचं पैलवान बघेल.

रविवारी स्टँडवर हिरवा झेंडा घेऊन मी दिसलो, तर उतरा. दिसलो नाही, तर त्याच यष्टीनं मागं फिरा. मला शोधू नका.

तुमच्याशी खोटं बोललेला,
मल्हारी