सूची, फळीच्या क्रमांकासह

३ जून, सोमवार

आज ग्रंथालयाच्या संचालकांनी विचारलंच— "बाई, तुमची ती यादी कधी संपणार?"

यादी! यादी वाणसामानाची असते. ही सूची आहे. आपल्या भागाचा इतिहास, शेती, गिरण्या, शाळा, रोगराई— यावर कुणी कधी काय छापलं, कोणत्या साली, आत काय आहे, हे सगळं एका ठिकाणी. अभ्यास करणाऱ्याने आधी इथे बघावं, मग वणवण करावी. हे सगळं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हो हो, तीच यादी."

पालथ्या घड्यावर पाणी.

४ जून

दिवसभरात एक नोंद. एकच.

७ जून, शुक्रवार

सरांकडे गेले. सूची त्यांनी सुरू केली आणि निवृत्त होताना माझ्या गळ्यात घातली. आता अंथरुणाला खिळलेत, दिसत जवळजवळ नाही. मी नोंदी वाचते, ते चुका काढतात. "पृष्ठसंख्या राहिली. पुढे."

नियमही त्यांचाच— पुस्तक स्वतः हातात घेतल्याशिवाय नोंद करायची नाही. दुसऱ्याच्या सूचीतून उचललेली नोंद म्हणजे उष्टं! या नियमापायी माझे केस पांढरे झाले. पण मोडवत नाही.

निघताना म्हणाले, "छापली की पहिली प्रत मला दे. वाचता येणार नाही, पण उशाशी राहील."

जिन्यात रडू आलं. छापणार कोण? प्रकाशक दारातूनच वाटेला लावतात. आणि सरांकडे आता किती वेळ आहे ते डॉक्टरही सांगत नाहीत.

१२ जून

नवरा म्हणाला, "तुझी सूची वाचणाऱ्यांची सूची केलीस तर पोस्टकार्डावर मावेल." हसले. मग भांडी जरा जोरातच घासली.

तो तरी काय चुकीचं बोलला? परवा एक मुलगी आली होती, गिरणी कामगारांच्या संपावर प्रबंध लिहायचाय म्हणून. मी तिच्यापुढे नोंदी ठेवल्या. "मॅडम, हे फोनवर नाही का?" नाही म्हटलं. तिने विषयच बदलला!

१९ जून, बुधवार

संचालकांनी बोलावून चहा दिला. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. म्हणाले, "सूची छापून घेऊ. फक्त आपल्याकडे असलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीपुढे कपाट आणि फळीचा क्रमांक घाला. शोधायला सोपं जाईल."

शोधायला सोपं! एवढ्या वर्षांत कुठल्या संचालकाच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. माझा विश्वास बसेना. अजूनही बसत नाही.

२४ जून

शिडी, धूळ, शिंका. अर्धी पुस्तकं भलत्याच जागी. एका सुईणीच्या आठवणी दुष्काळाच्या अहवालांमागे पडलेल्या. त्या पुस्तकाची दुसरी प्रत कुठे असल्याचं मला तरी माहीत नाही. पुसून जागेवर ठेवलं.

फळीबरोबर डावीकडून कितवं तेही लिहीत चालले आहे. कुणी मागितलं नव्हतं. पण करायचं तर नीट.

२९ जून

सरांना सांगितलं. म्हणाले, "अर्पणपत्रिका वगैरे नको हं. कागद वाया जातो." आणि उशाजवळचा तांब्या चाचपत बाजूला सरकवला, जागा करायला. मला आनंद व्हायला हवा. होतच नाही. बरं काही घडायला लागलं की मी वाईटाची वाट बघत बसते. स्वभावच मेला तसा.

४ जुलै, गुरुवार

सूची दिली. संचालकांनी पान उलटलं नाही. "सगळी जुनी, कुणी न नेणारी पुस्तकं आहेत ना यात?"

"बहुतेक," मी म्हटलं.

"उत्तम!"

उत्तम काय त्यात?

५ जुलै

ताप. धुळीचा प्रसाद. नवऱ्याने कामावर जाऊ दिलं नाही. "एवढी वर्षं थांबलीस, आता दोन दिवस थांब."

८ जुलै, सोमवार

सूची छापली. ऑफिसच्या प्रिंटरवर, दोन प्रती. एक संचालकांच्या टेबलावर. दुसरी रद्दीवाल्याच्या हातात.

वरचा मजला भाड्याने जायचाय. कोणती पुस्तकं काढायची, ते माझ्या सूचीवरून ठरलं. शनिवारीच टेम्पो भरून गेले, लगद्याच्या कारखान्यात. रद्दीवाला विसरलेली सुतळी न्यायला आला होता. मला बघून हात जोडले— "बाई, काय यादी केलीत! एकही पुस्तक शोधावं लागलं नाही."

संध्याकाळी सरांचा फोन. "छापली का गं?"

छापली, म्हटलं.