पाडव्याचे चार विडे

फाल्गुन वद्य पंचमी, शके १८६३

धोंडीबा पुन्हा झोपला! पानमळ्याला पाणी द्यायला बसवलं होतं, तर पाटाच्या कडेलाच घोरत पडला. वाफ्यात डबकं साचलं. दोन ओळींच्या वेली पिवळ्या पडल्या आहेत. मुळं कुजणार.

अप्पा म्हणाले, "काढ त्याला. यंदा पाडव्याला विडे तू द्यायचे, मी न्हाय. एक गडी काढता आला तर मळा तुझा. न्हायतर तुझ्या भाऊजीच्या हवाली करतो. मग बस पाटी गिरवत."

सप्तमी

'बडतर्फ' हा शब्द चार वेळा लिहून पाहिला. लिहिता येतो. बोलता येत नाही.

नवमी

धाराशिवला जाऊन वकीलसाहेबांना विचारलं, गडी काढायचा कायदा काय? ते हसले. "सरकारी कानुनात मळ्याच्या गड्याचं कलम शोधता? तुमच्यात विड्याची रीत आहे ना? पाडव्याला विडा दिला की गडी वर्षभराचा. नाही दिला की सुटला. तोंडानं बोलायचंसुद्धा नाही."

बोलायचं नाही! तेरला परतताना बैलगाडीत फार हलकं वाटलं. तेरणेकाठची झाडं पाण्यात उलटी उभी होती. बघत राहिलो.

एकादशी

धोंडीबा झोपताना सापडावा म्हणून दुपारी मळ्यात लपून बसलो. बाहेर ऊन रणरणतं, आत सगळं हिरवं आणि गार. उजेडसुद्धा पानांतून गाळून येतो. रहाटाची कुरकुर लांबून, जशी दुसऱ्या गावातून यावी — आणि मलाच झोप लागली! उठलो तर पाट दुसऱ्या वाफ्यात वळवलेला. धोंडीबा शेजारी बसून माझ्या अंगावरच्या मुंग्या झटकत होता.

"मळ्यातली झोप लई ग्वाड, धाकलं मालक. म्या तिनंच बिघडलो."

धोतर झटकून घरी आलो.

अमावास्या

गडी पाच. अव्वाला सांगून विडे चारच बांधून घेतले. तिनं विचारलं, "लेका, पाचवा कुणाचा गाळलास?" मी लवंगा मोजत बसलो.

पहाटे स्वप्न पडलं. मी शेवरीच्या झाडाला वेलीसारखा बांधलेला आहे. धोंडीबा माझ्या पायाशी पाणी सोडतो आहे — हळू, अगदी बेतानं. बरं वाटत होतं. जागं व्हावंसं वाटेना.

चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १८६४

काय केलं मी हे!

पाचही जण अंघोळी करून, अनवाणी, ओळीनं उभे राहिले. वयाप्रमाणे पहिला धोंडीबा. त्यानं हात पुढं केला, दरवर्षी करतो तसा. त्याला वगळून पुढच्याकडं जायचं, एवढंच होतं. माझ्या हातानं विडा ठेवला! त्यानं तो मुंडाशात खोवला. दात नाहीत, घरी नेऊन कुटून खातो.

मग दुसरा, तिसरा, चौथा. तबक रिकामं. शेवटी रामकिसन! मळ्यातला सगळ्यात चांगला पानं खुडणारा. त्याच्या हातून वेलीचा शेंडा कधी दुखावत नाही. हात तसाच पसरलेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, तळव्याकडं पाहिलं, कपाळाला हात लावला आणि निघून गेला.

अव्वा म्हणाली, "घरात पान होतं, चुना होता, कात होता. थांब म्हणायला काय झालं होतं?"

अप्पा एकच बोलले. "काढायचा होता तो ठिवला, ठिवायचा होता तो काढला. सण सरू दे, तुझ्या भाऊजीला सांगावा धाडतो."

द्वितीया

सकाळीच रामकिसनच्या घरी गेलो. ताजा विडा नेला होता. त्याची बायको महानंदा दारातच म्हणाली, "भर पाडव्याला चारचौघांत हात मोकळा ठिवलासा. आता कशापायी आलासा?" माझी चूक झाली म्हणालो. रामकिसन आतून बोलला, बाहेर आला नाही. "पाडवा काल झाला, मालक. आजचा विडा म्या घेत न्हाय. घेतला तर लोक म्हणतील, मागून आणलाय."

येताना मळ्यात गेलो. धोंडीबाला सगळं सांगून टाकलं, विडे चारच का बांधले तेही. तो वेलीला लव्हाळ्यानं बांधत होता. हात थांबला नाही. "व्हय," म्हणाला. "तरी म्या म्हनलं, यंदा तबकात एक विडा कमी कसा पडला!"

दुपारभर दोघं सावलीत बसलो. तो जागा होता.

तृतीया

रामकिसन कामावर आला. ओठ लाल. "पाडव्याचाच विडा हाय, मालक. धोंडीबा आजानं रातीच मुंडाशातनं काढून दिला, म्या खाईस्तोवर उठंना." धोंडीबा आला नाही. अप्पांनी पाटाकडची मोकळी जागा पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "जमलं की रं तुला!"

मळा माझा झाला.