गोष्ट लिहायला शिकवणारं पुस्तक

बाई, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला काही विचारलं नाही, आणि आजही विचारायचं नाहीये, सांगायचं आहे. डिचोलीतल्या त्या लहान वाचनालयात मी अजून आहे. माझे दोन कथासंग्रह निघाले. पहिला तुम्ही पाहिलात, दुसरा नाही. आमच्याकडे खिडकीजवळ एक फळी आहे, लेखन कसं करावं हे शिकवणाऱ्या पुस्तकांची. मी लागले तेव्हा तिच्यावर तीन पुस्तकं होती, आता दुसरी फळी लावावी लागली. कथा कशी सुरू करावी, कादंबरी तीन महिन्यांत कशी पुरी करावी, वाचकाला पानाला कसं खिळवून ठेवावं, सगळं मिळतं. त्यातल्या एका पुस्तकामुळे एका माणसाच्या हातून काही गेलं, आणि ते पुस्तक मी त्याला काढून दिलं होतं.

हा माणूस ट्रक चालवायचा, खनिजाचा. मूळचा दोडामार्गाकडचा, पण खाणीवर काम लागलं तेव्हापासून डिचोलीतच राहिला. साधारण माझ्याच वयाचा. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक दारात उभा राहिला, चाकांतून गवत वर आलं, आणि या बाबानं वह्या आणल्या. सहा वह्या भरून कादंबरी लिहिली. ट्रकवाल्यांची, खाण ते नदीवरची जेटी या रस्त्याची. वाचनालयात तो पेपर वाचायला यायचा. एक दिवस माझ्या टेबलापाशी उभा राहून म्हणाला, “म्याडम, माका एक पुस्तक होया. कादंबरी बरोबर लिवलय काय नाय, ता कळाक होया.” मी त्याच्या वह्या मागायला हव्या होत्या. त्याऐवजी उठले, फळीवरचं सगळ्यांत जाड पुस्तक काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. “हे चांगलं आहे,” म्हणाले. त्यानं विचारलं, “तुमी वाचल्यात?” मी हो म्हटलं.

चार महिन्यांनी तो वह्या घेऊन आला. सहाच्या तीन झाल्या होत्या. वाचायला लागले तर माणसं शाळेतल्या नाटकात बोलतात तशी बोलत होती. ‘आपण कुठे निघालात?’ असं एक ट्रकवाला दुसऱ्या ट्रकवाल्याला विचारत होता. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी दार ठोठावत होतं किंवा फोन वाजत होता. नायकाला एक मोठी इच्छा होती, ती तो दर वीस पानांनी बोलून दाखवत होता. मी विचारलं, “तुमची बोली कुठे गेली यातली?” तो म्हणाला, “काढलय. लोकांका समजाची नाय, असा लिवलेला हा पुस्तकात.” मग जरा अभिमानानं म्हणाला, “जेटीवरचा आख्खा प्रकरण काढून टाकलय. नायकाक पुढे न्हेणा नाय ता कापा, असा हा. न्हाणयेत पाणी तापवताना चुलीत घातलय.”

घरी आले आणि मला तुमच्या पार्सेच्या घरातली खोली आठवली. खोली कसली, स्वयंपाकघरच.

मी दहावीत होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, रस्त्यावर पसरलेल्या जुन्या पुस्तकांत मला एक पातळसं पुस्तक मिळालं होतं, कथालेखनाचं. मी ते दोन दिवसांत पाठ केलं आणि शाळेच्या हस्तलिखितासाठी गोष्ट लिहून तुम्हाला दिली. तुम्ही मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलंत. बाकीचे सर तिथे चहा पीत होते. तुम्ही म्हणालात, “पहिल्या वाक्यात हा माणूस मेला, शेवटच्या वाक्यात जिवंत निघाला. कोण गो हा? तू ओळखतेस याला?” एक सर हसले. माझे कान तापले. मी म्हटलं, “बाई, पुस्तकात तसं करायला सांगितलंय.” तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग आवाज उतरवून म्हणालात, “रविवारी घरी ये. पुस्तक घेऊन ये.”

एप्रिल महिना होता. सगळ्या पार्से गावाला काजूच्या बोंडूंचा वास येत होता. तुम्ही जमिनीवर बसून ओले काजूगर सोलत होता, आणि मी पुस्तक पुढे केलं तर म्हणालात, “आधी हाताला तेल लाव. चीक लागला तर साल जाईल.” मग मी सोलत बसते आणि तुम्ही चष्मा लावून पुस्तक चाळता. मला वाटतं, आता हे पुस्तक चुलीत जाणार. तुम्ही एका पानावर थांबता. “गोष्टीचा शेवट अनपेक्षित असला पाहिजे, असं म्हणतोय हा. बरं. तुला जन्मभर लक्षात राहील अशी एक गोष्ट सांग. वाचलेली नको. ऐकलेली सांग.”

मी बाबा सांगायचे ती सांगितली. केरीच्या फेरीबोटीतले दोन भाऊ, जमिनीवरून बोलणं तुटलेले. रोज एकाच बोटीनं तेरेखोलला जायचे आणि एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला उभा राहायचा. धाकटा वारला. थोरला दुसऱ्या दिवशी बोटीत चढला आणि आपल्या टोकालाच उभा राहिला. सगळ्या बोटीत जागा असून.

“शेवट तुला माहीत होता?” तुम्ही विचारलंत.

“हो. बाबा दहादा सांगायचे.”

“मग धक्का बसायचा?”

“नाही.”

“तरी ऐकायचीस?”

“हो.”

“मग ह्याचा नियम गेला कुठे?” तुम्ही पुस्तक माझ्यासमोर धरलंत. “आणि हे बघ. नियम ह्यानं सांगितला, आणि तो खरा ठरवायला गोष्टही ह्यानंच रचली. आपल्याच अंगणात आपणच एकटं धावायचं आणि पहिला नंबर घ्यायचा. एक तरी गोष्ट दुसऱ्या कोणाची घेतली आहे का ह्यानं?” मी पानं उलटली. घेतली नव्हती. पण तेवढ्यावर तुम्ही ते मिटलं नाहीत. पुढे एका पानावर, लिहिलेले संवाद मोठ्यानं वाचून बघावेत, असं होतं. तुम्ही माझीच गोष्ट माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलीत. ‘हे पुत्रा, तू परतलास!’ हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि आपण दोघी इतक्या हसलो की काजूगराची परात कलंडली. मग डोळे पुसत तुम्ही म्हणालात, “हे मात्र त्यानं खरं सांगितलंय. पुस्तक टाकू नकोस. एकेका पानाला विचारून घे.”

मला अजून त्या शिक्षकांच्या खोलीतलं हसू डाचत होतं. म्हणून मी विचारलं. भोळेपणानं विचारलं असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं, पण दुखवायलाच विचारलं होतं. “बाई, तुम्ही कधी गोष्ट लिहिलीय?”

तुमचे हात थांबले. तुम्ही उठलात, आत गेलात आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आलात. त्यात सात गोष्टी होत्या, सगळ्या संपादकांनी परत पाठवलेल्या. दोन तुम्ही मला तिथेच वाचायला लावल्यात. अक्षर कसं सुंदर होतं! वाचून झाल्यावर विचारलंत, “कशा आहेत?” मी म्हटलं, “बऱ्या आहेत.” “बऱ्या म्हणजे?” मी खाली बघून म्हटलं, “हलत नाहीत.” बाहेर तुमचे यजमान कोणाशी तरी बागेत पाणी सोडण्यावरून बोलत होते, ते सगळं ऐकू यायला लागलं. मग तुम्ही म्हणालात, “मलाही तेच वाटतं. म्हणून गोष्ट कशी लिहावी हे मी तुला कधी सांगितलेलं नाही, आठवून बघ. वाचताना माझा जीव कुठे अडकला आणि कुठे मला उठून पाणी प्यावंसं वाटलं, तेवढं सांगते. तेवढाच माझा अधिकार.” जाताना मला सोललेले काजूगर केळीच्या पानात बांधून दिलेत.

तर बाई, ट्रकवाल्याच्या वह्या आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते जाड पुस्तक परत मागवून घेतलं आणि तुमच्यासारखी बसले. लेखकाची ओळख वाचली. त्यानं हजारो लोकांना लिहायला शिकवलं होतं, अशी अकरा पुस्तकं लिहिली होती, आणि एकही कादंबरी नव्हती. कुठेच सापडली नाही. त्यावरून मी त्याला मोडीत काढणार नव्हते, कारण कादंबरी तुमचीही नव्हती. पण तुम्हाला तुमचा अधिकार कुठे संपतो ते ठाऊक होतं, आणि ह्या माणसानं चारशे पानांत एकदाही ‘मला माहीत नाही’ म्हटलं नव्हतं. उदाहरणंही सगळी त्याची त्यानंच रचलेली. तरी काही पानं चांगली निघाली. रोज ठरल्या वेळी बसावं, हे त्यानं बरोबर सांगितलं होतं. एकाच दृश्यात दहा माणसं आणू नयेत, हेही.

ट्रकवाला आला तेव्हा मी हे सगळं त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, “चूक माझी आहे. मी तुमच्या वह्या बघितल्या नाहीत आणि पुस्तक दिलं. त्यानं तुमचं जेटीचं प्रकरण खाल्लं.” तो टेबलावरच्या शिक्क्याशी खेळत राहिला.

“पुस्तकान सांगला म्हणान नाय, म्याडम,” तो म्हणाला. “काढताना माका बरा वाटला.”

“का?”

मग त्यानं सांगितलं. जेटीवर ट्रकांची रांग लागायची, खनिज नेणारी बार्ज भरेपर्यंत पाच-पाच तास. रांग हलली की पुढे सरकायचं. एक दिवस दुपारी रांग हलली आणि त्याच्या पुढचा ट्रक हललाच नाही. हा मागून हॉर्न देत राहिला. शिव्या दिल्या. पुन्हा हॉर्न. डुलकी लागली असणार असं समजून हात उचललाच नाही हॉर्नवरून. शेवटी उतरून गेला तर तो माणूस स्टेअरिंगवर डोकं ठेवून गेलेला होता. “सगळे हॉर्न देय होते,” तो म्हणाला, “पण सगळ्यांत आधी मी सुरू केलेलय. ता मी लिवलेलय. मगे वाटला, ह्या कोण वाचतला? पुस्तकात गावला, कापा. कापलय.”

वाचनालयात तेव्हा आम्ही दोघंच होतो. पंखा फिरत होता. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “आता पहिल्यापासून सांगा. मला सांगताय तसंच. तुमच्या बोलीत.” तो आधी लाजला, मग दीड तास बोलला. मधे एकदा पाणी मागितलं. मला मात्र एकदाही उठावंसं वाटलं नाही, आणि हे मी त्याला तसंच सांगितलं.

ऐकून ऐकून त्यानं ते प्रकरण पुन्हा लिहिलं. जळालेलं होतं ते हे नव्हे, असं तोच म्हणतो. त्या जुन्यात, गेलेल्या ड्रायव्हरच्या जेवणाच्या डब्यात काय होतं तेही होतं, आता काही केल्या आठवत नाही. एवढं गेलं ते गेलंच. गेल्या महिन्यात वाचनालयात त्यानं ते वाचून दाखवलं. पंचवीसेक माणसं आली, अर्धे जुने ड्रायव्हर. सुरुवातीला हसले, एकमेकांना कोपरानं ढोसत होते. हॉर्नपाशी आल्यावर कोणी हललं नाही. वाचून झाल्यावर मागून एक म्हातारा ड्रायव्हर उठला. आता हा काय बोलतो, म्हणून आमचा माणूस कागद छातीशी धरून उभा. म्हातारा म्हणाला, “मी तुज्या मागे होतंय रे त्या दिसा. माजो पण हात हॉर्नारच होतो.” आणि खाली बसला. ट्रकवाला तिथेच, सगळ्यांसमोर, रडला.

आता सहाही वह्या तो पुन्हा लिहितो आहे. दर गुरुवारी चार-पाच पानं आणतो. ते जाड पुस्तक मी फळीवरून काढलेलं नाही. आत पहिल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवली आहे: ह्या पुस्तकातला प्रत्येक नियम आपल्या आवडत्या तीन गोष्टींना लावून पाहावा. खाली नाव घालणार होते तुमचं, पण तुम्हाला आवडलं नसतं.

मागच्या गुरुवारी त्यानं पानं दिली आणि गेला नाही. म्हणाला, “म्याडम, माजा तुमी सगळा वाचल्यात. आता तुमचा दाखवा. नवीन काय लिवतात?” मी म्हटलं, “एक गोष्ट आहे. होत आली आहे. पुढच्या गुरुवारी आणते.”

बाई, गोष्ट नाहीये. सहा वर्षांत मी एक पान लिहिलेलं नाही. ते पुस्तक त्याला देण्याआधी दोन वर्षं माझ्याच घरी होतं. मी ते पेन्सिल घेऊन वाचलं, खुणा केल्या, त्यात सांगितलंय तसे तक्ते काढले, आणि काही झालं नाही तेव्हा वाटलं की दोष माझ्यात आहे, पुस्तकात नाही. परत नेऊन ठेवताना खुणा खोडून टाकल्या. हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. उद्या गुरुवार आहे, आणि त्याला खरं सांगायची मला लाज वाटते.