उलटी फिरणारी मोटर

आबा, तुमाला जाऊन लय वर्षं झाली, आन मला तुमच्यावर शक आता यायलाय. आधी तो काकावर व्हता. नववीतून शाळा सुटल्यापासून मोटरीचं काम मीच बघते, तिथं कुणाशी बोलावं लागत न्हाई. आपली मोटर आन काकाची मोटर तुमी ठेवली तशीच हाय, एकाच विहिरीवर, पुढं दोघांचं पाणी एकाच पाईपलाईनीत. सकाळी आपली पाळी, मग काकाची. यंदा हळदीच्या शेवटच्या सऱ्यांला पाणी पोचंना, पानं पिवळी पडायली. आई म्हणाली, "भावजीच मारायलेत आपलं पाणी. तुझा बाप व्हता तवर भ्याले, आता कुणाचं भ्या?"

म्हून मी बघत बसले. आपली मोटर चालू केली का काकाच्या मोटरीचा पंखा बी फिरायला लागायचा. त्याच्या स्टार्टरचा दिवा मातुर बंद. आईला आणून दाखवलं तर तिनं कपाळालाच हात लावला. "चोरून तार वढली आसंल. बुधवारी भावकीतले चार जण बसवते. लाईन तोडू, त्याचं त्याला, आपलं आपल्याला." पण लाईन काकाच्या वावरातूनच आपल्याकडं येती. तोडली तर हळद गेलीच म्हणायची. हे आईला सांगायला तोंड उघडलं, आन मिटलं. तुमाला म्हाईत हाय माझं.

त्याच दिवशी काका विहिरीवर आला. मला दगडावर बसलेली बघून म्हणतो, "काय गं, पहारा देतीस व्हय? का पाणी मोजायलीस?" त्यानं डाव्या हातानं बटण दाबलं आन आपल्या बादलीकडं बघून हासला. "तुमच्या मोटरीला बादल्या पाजाव्या लागतात. माझी बघ, दुधाची म्हैस. बटण दाबलं का पाणी, कंदीच भरावी लागत न्हाई." मला ह्याचाच वहीम आला. चालू करायच्या आधी आख्ख्या गावाच्या मोटरी पाणी वतून भराव्या लागतात, ह्याचीच कशी काय लागत न्हाई? आन आपली बंद व्हायच्या आतच हा त्याची का चालू करतो?

दुसऱ्या दिवशी मी त्या पंख्याला कान लावला. आवाजच न्हाई. लाईटवर चालती तर घुंई करणार का न्हाई? मग मोटरीवरचा बाण बघितला. बाण एकीकडं आन पंखा दुसरीकडं. मोटर उलटी फिरायली व्हती, आबा. म्हंजी ती पाणी वढत न्हवती, आपलं पाणीच तिच्यातून माघारी विहिरीत जायलं व्हतं. काका चोर न्हवता. पाणी ना त्याच्या वावरात जायलं ना आपल्या.

मला तवा आपलं सैपाकघर आठवलं. तुमी फवारणीचा पंप चुलीम्होरं खोललाय, आन आई लाटणं घेऊन उभी: "इखाचा पंप सैपाकघरात? अकलेचे कांदे! उचला आधी." तुमी पंप भाईर नेता, मी मागं मागं येते. आंगणात तुमी मला त्याच्यातली गोळी दाखवता. पाणी आलं का गोळी वर उचलती, माघारी आलं का भोकावर बसती. म्हणता, "वॉल म्हंजी घरातली म्हतारी. जाणाऱ्याला जाऊ देती, माघारी येणाऱ्याला दार लावती." विहिरीत पाईपाच्या बुडाला जाळीचा फुटवाल, त्याच्यात चामड्याचं झाकण, त्याच्यानं मोटर भरलेली राहती. वर लाईनीवरचा झडपीचा, पितळी चकती बिजागरीला लटकलेली. आन एक स्प्रिंगचा, तो उभा बसवा का आडवा, लगीच मिटतो, पण पाण्याचा जोर खातो. "आपल्याला झडपीचाच बरा," असं तुमीच म्हणला व्हता. मग काकाच्या लाईनीवरची झडप काय करायली?

काका ताडकळसच्या बाजाराला गेला त्या दिवशी मी त्याच्या वॉलचे चार बोल्ट काढले. वाटलं, काडीकचरा अडकला आसंल. टोपण उचललं तर आत झडपच न्हाई. मोडलेली न्हाई, झिजलेली न्हाई. कुणीतरी खीळ काढून आलगद काढून नेलेली, आन खिळीचं भोक गळू नये म्हून त्याला सुतळी आन सफेदा लावलेला. सुतळी उलटी गुंडाळायची सवय गावात एकट्या तुमाला व्हती.

मी घरी आले, डब्यातून माझी ठिकरी काढली. सगळ्या पोरी खापराच्या ठिकरीनं खेळायच्या, माझी तेवढी पितळी, वर कान असलेली. तुमी म्हणला व्हता, बाजारातून खास माझ्यासाठी आणली. नेऊन वॉलमधी धरली. तंतोतंत बसली.

त्या दिवसापासून मी तुमच्यावर शक करायलेय. काकाची बोटं मळणीयंत्रात गेली, त्याच्यानंतरच मला ठिकरी मिळाली. एका हातानं फुटवाल वर वढता येत न्हाई, बादल्या बी भरता येत न्हाईत. आन मदत करतो म्हणलं तर तो म्हणणार, मी काय लुळा हाय का? म्हून तुमी झडप काढली, आपल्याच पाण्यानं त्याची मोटर भरत राहावी म्हून. तवा त्याचा फुटवाल थोडाच गळत आसंल, आता सगळाच गेलाय. पण आईला का न्हाई सांगितलं? ती इतकी वर्षं त्याला चोर म्हणायली. आन त्या दिवशी यंत्र कोण चालवत व्हतं, हे मला आजवर कुणीच सांगितलं न्हाई. मी इचारलं बी न्हाई. काकाला हे सगळं म्हाईत आसंल का? का दुधाची म्हैस हे बी त्याचं सोंगच हाय?

मी त्याचा फुटवाल दोरानं वर वढला. हात सोलले. आत चामडं कुजून गेलेलं. तुमी जुन्या चपलीचं चामडं कापायचा, पण तुमच्या चपलीला आई हात लावू देत न्हाई, म्हून ट्रकच्या ट्यूबचं कापून बसवलं. त्याची मोटर भरली, आन ठिकरीला नवी खीळ घालून वॉल बंद केला. आईला म्हणाले, कचरा अडकला व्हता. आता शेवटच्या सरीला पाणी जायलंय. बुधवारी कुणी बसलं न्हाई.

काकानं त्या दिवशी बाजारातून माघारी येऊन बटण दाबलं, पाणी आलं. तो हासला न्हाई. विहिरीत सोडलेल्या दोराची गाठ बघत राहिला. त्याची गाठ एका हाताची असती. "कोण आलतं गं हितं?" मी म्हणाले, म्हाईत न्हाई. तवापासून तो माझ्याकडं वहिमानंच बघतो.

हे पत्र पेटीत टाकायचं न्हाई, टाकणार बी कुठं. तुमी बाजारातून काही आणलं न्हवतं, हे लय लागलं मला. पण आपली मोटर चालू केली का काकाच्या वॉलमधी ठिकरी टक्कन वाजती. ते ऐकायला मी मोटर बंद करून परत चालू करते. आई वरडती, "जाळशील गं मोटर!" मी तिला म्हणते, पाणी धरंना म्हून करायलेय.