वरच्या मजल्यावरचा लाल दिवा

सेल्त्सा, ब्राच बेट
४ जुलै

प्रिय तोन्ची,

तू, हाइके आणि लेआ म्युनिकमध्ये खुशाल असाल. इकडे बाबांचं कंबरेचं हाड जुळलंय, पण जिना उतरायचं नाव काढत नाहीत. वरच बसून असतात आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाला हटकतात. अंजिरं यंदा लवकर धरली.

तू पाठवलेले दोन्ही अडॅप्टर मिळाले. बाबांनी स्वतः बांधलेल्या त्या हातभर जाड दगडी भिंतींतून माझ्या खालच्या खोलीतलं वायफाय वर पोचत नाही, म्हणून विजेच्या तारेतूनच इंटरनेट वर न्यायचं, ही तुझी युक्ती मला आवडली होती. एक खाली राउटरजवळ लावला, एक वर बाबांच्या पलंगाशी. खालचा हिरवा, वरचा लाल. तीन दिवस लाल.

फोनवर तू काय म्हणालास ते मी विसरलेले नाही. "ताई, एक्स्टेंशन बोर्डमध्ये खुपसलं असशील. थेट भिंतीत लाव. तुला नाही जमायचं, कुणाला तरी बोलव." मी एकोणसाठ वर्षांची आहे, तोन्ची. बावीस वर्षं दवाखान्यात ऑपरेशनची यंत्रं लावली आणि काढली, एकही पेशंट माझ्या प्लगमुळे दगावला नाही. मी थेट भिंतीतच लावलं होतं. वरच्या सगळ्या भिंतींत, एकेक करून. बाबा पलंगावरून म्हणत होते, "अगं, तिकडे बघ, तिकडे लाव, लेआ वाट बघत असेल." रविवारी नातीचं तोंड दिसावं एवढंच त्या माणसाला हवंय.

शेवटी बार्तुलला बोलावलं. तो आधीच फुगलेला होता. गेल्या वर्षी बाबांना घेऊन मी तीन आठवडे स्प्लिटच्या हॉस्पिटलात होते, तेव्हा तू वरची वायरिंग बदललीस आणि त्यासाठी माणूस बाहेरून आणलास. गावात वायरमन असताना. "आता बरी आठवण झाली बार्तुलची," असं म्हणत तो चपला न काढता वर गेला. वरचं यंत्र त्यानं खाली आणलं, माझ्या स्वयंपाकघरात लावलं. हिरवा. झोपायच्या खोलीत, हिरवा. वर नेलं की लाल. मग तो मागच्या बोळात गेला आणि मला हाक मारली.

"व्हिन्का, यंत्राला बोल लावू नकोस. खालची तार आणि वरची तार यांची गाठच पडत नाही. हे बघ, मीटर दोन आहेत."

मला वाटलं, शेजाऱ्याचा असेल. त्यानं झाकण उघडून पट्टी दाखवली. तुझं नाव होतं.

माझं बिल निम्म्यावर आलं तेव्हा नव्या तारा किती चांगल्या म्हणून मी फोनवर तुझे आभार मानले होते. तू "काही नाही गं" म्हणालास. ते आठवलं आणि मी त्या बोळात दगडावर बसले.

बार्तुल बिचारा खाली मान घालून म्हणाला, "मजला वेगळा करायचा तर मीटर वेगळा लागतो. उन्हाळी पाहुण्यांसाठी लोक करतात हल्ली."

मग मी इंटरनेटवर शोधलं. तू पाठवलेल्या यंत्रांनी मला एवढं तरी करायला लावलं. फोटो सापडले. समुद्राकडची बाल्कनी, चार पाहुण्यांची सोय, पुढच्या जूनपासून. बाबा हॉस्पिटलात असताना काढलेस ना? त्यांचा पलंग बाहेर ढकललास, पण दारामागच्या खुंटीवर त्यांची काठी राहिली. ती फोटोत दिसते. ईस्टरला तू सुपेतारच्या वृद्धाश्रमाची एवढी तारीफ का करत होतास, ते मला काठी बघून कळलं.

आणि ईस्टरलाच तू माझ्यापुढे कागद सरकवलास. "गेल्या वर्षीच्या वायरिंगची परवानगी राहिलीय, ताई, इथे सही कर." मी केली. वरचा मजला वेगळा करायला माझी संमती त्यातच असणार. चष्मा खिडकीत होता, हात लांब केला असता तर मिळाला असता. पण आपल्याकडे भावाचा कागद वाचतं कोण? रोकोकाकांनी एकदा भावाच्या ताटाशेजारी चष्मा लावून कागद वाचला, तर आजीनं त्यांना त्या दिवशी जेवायला वाढलं नव्हतं. हे तुलाही माहीत आहे. माहीत होतं म्हणूनच तू जेवायच्या टेबलावर कागद काढलास. चूक माझी आहेच, पण तू ती चूक हिशेबात धरून आलास, याचा मला संताप येतो.

शनिवारी बार्तुलला म्हटलं, वरच्या जमिनीतून भोक पाड आणि लांब केबल सरळ वर ने. तो घुटमळला. "वरच्या मालकाची परवानगी लागते, व्हिन्का." मी म्हटलं, "मालक तो बघ, पलंगावर बसलाय." बाबांना काही ठाऊक नाही. त्यांनी काठी टेकवून जागा दाखवली. "इथे पाड. या दोन फरश्यांमध्ये नुसता चुना आहे, मीच भरलाय." पाच मिनिटांत आरपार. रविवारी लेआ दिसली ती त्या केबलमधून.

बाबांनी विचारलं, यंत्राला काय झालं होतं? मी सांगितलं, बिघडलेलंच आलं. लहानपणापासून तुझ्यासाठी खोटं बोलत आले, सवय सुटत नाही. त्यांनी दोन्ही यंत्रं पुसून खोक्यात ठेवली, स्वतः चिकटपट्टी लावली आणि म्हणाले, "तोन्चीला परत पाठव. दुकानदारानं फसवलं पोराला. त्याला वाईट वाटू देऊ नकोस."

म्हणून हे पार्सल. दोन्ही यंत्रं चांगली आहेत.

मोठ्या गोस्पाच्या, मेरीमातेच्या सणाला, पंधरा ऑगस्टला ये. तो कागद घेऊन ये. या वेळी चष्मा लावून वाचेन, जेवायच्या टेबलावर, आणि तुला जेवायलाही वाढीन. मग वर जाऊन बाबांच्या पलंगाशी बस आणि तुझा मीटर कशासाठी आहे ते तूच सांग. त्यांनी मला पुन्हा विचारलं, तर मी खरं सांगणार आहे.

ज्या घरात तुझ्या नावाचा एक काटा-चमचा अजूनही रोज धुतला जातो, त्या घरातून,
तुझी ताई
व्हिन्का